शांत बोटांचे वाढदिवस

टण्.

घंटेचा आवाज खोलीभर पसरला. पडद्यावरची हिरवी रेघ मात्र जागची हलली नाही.

पुन्हा टण्. पुन्हा तीच सपाट रेघ.

काचेच्या अलीकडे उभी राहून बारा वर्षांची मेहजबीन हे बघत होती. पलीकडे खुर्चीत तिचे इलियास मामू बसले होते. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर चंदेरी टोपणं होती आणि टोपणांच्या वायरी शेजारी उभ्या असलेल्या टिपणच्या छातीत शिरल्या होत्या. टिपण हा केंद्रातला यंत्रमानव. कमरेएवढा उंच, बोलायला फार सभ्य, आणि दिवसभर कुणाची ना कुणाची नोंद करत फिरणारा.

पंधरा घंटा वाजून झाल्यावर टिपण म्हणाला, "चाचणी संपली. प्रतिसाद शून्य. इलियासभाई, आपलं घंटेकडे लक्ष नव्हतं, अशी नोंद होत आहे."

मामूंनी टोपणं काढली आणि नीट जागेवर ठेवली.

"तुझी घंटा उतरली आहे रे," ते शांतपणे म्हणाले. "गेल्या महिन्यात ठीक होती. आता अगदी सूतभर खाली बोलते. आणि आज नववी घंटा बाकीच्यांपेक्षा हळू वाजली. बघ तुझ्या नोंदीत."

टिपणचे डोळे क्षणभर पिवळे झाले. तो नोंद तपासत होता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "नववा आवाज कमी होता. कारण ठाऊक नाही. तरीही प्रतिसाद शून्यच आहे. ही तिसरी चाचणी. नियमानुसार आपल्याला राखाडी पट्टी देण्यात येत आहे."

मामूंनी मनगट पुढे केलं.

मेहजबीन बुचकळ्यात पडली. ज्या माणसाचं लक्षच नव्हतं, त्याला नववी घंटा हळू वाजल्याचं कळलं कसं?

ही गोष्ट इसवी सन २०६४ च्या मे महिन्यातली. मिरजेबाहेर, नदीच्या बाजूला, 'उभारी' नावाचं एक केंद्र होतं. मनाच्या मोठ्या आजारातून सावरणारी चौसष्ट माणसं तिथे राहात. मेहजबीनची अम्मी केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळायची, म्हणून सुट्टी लागली की मेहजबीनही सकाळच्या सौरबसने तिच्याबरोबर येई. तिथल्या बहुतेकांना ती नावाने ओळखत होती.

इलियास मामू सतारी घडवणाऱ्या घरातले. सतारीच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीने अशी घासायची की तार छेडल्यावर नुसता आवाज न येता झंकार उठावा. ह्या कामाला जवारी काढणं म्हणतात, आणि मामूंच्या हातची जवारी घ्यायला लांबून वादक येत. सव्विसाव्या वर्षी मामूंना स्किझोफ्रेनिया झाला (ह्या आजारात भास आणि खरं जग यांची सरमिसळ होते, जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात, नसलेलं वैर दिसू लागतं). एके दिवशी स्वतः घडवलेली सतार त्यांनी विहिरीत टाकली. ती आपल्याविरुद्ध कुजबुजते, अशी त्यांची खात्री झाली होती. त्याला आता चार वर्षं झाली होती. औषधांनी, बोलण्या-चालण्याने आणि अम्मीच्या चिकाटीने ते खूप सावरले होते. आवाज अजून अधूनमधून यायचे, पण ते आवाज खोटे आहेत हे मामूंना कळायचं.

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. केंद्राच्या आवारात वाद्यांची कार्यशाळा होती. तिथे अर्धा दिवस काम करायचं, सहा महिने ते नीट जमलं की घरी जायचं. पण कार्यशाळेत करवती आणि पॉलिशची यंत्रं होती. पाच वर्षांपूर्वी तिथे एका माणसाचं लक्ष उडालं आणि त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून केंद्राचे अधीक्षक व्हनमाने साहेब यांनी घंटेची चाचणी आणली. प्रतिसाद आला तर हिरवी पट्टी आणि कार्यशाळा. तीनदा आला नाही तर राखाडी पट्टी, आणि मग निर्णयाच्या बैठकीनंतर दोनशे किलोमीटरवरच्या दीर्घ विश्रांती विभागात रवानगी. तिथे कार्यशाळा नव्हती. घरीही लवकर कुणी परतत नसे.

मामूंच्या बाबतीतला निर्णय तीन आठवड्यांनी व्हायचा होता.

"काचेला नाक लावून काय शोधतेस?" मागून आवाज आला.

डॉ. चंद्रकला बिरनाळे मागे उभ्या होत्या. सत्तरीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला. घंटेचं यंत्र त्यांनीच तरुणपणी बनवलं होतं. आता निवृत्त झाल्या तरी आठवड्यातून दोनदा त्याची देखभाल करायला येत. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

"मॅडम, टिपण खोटं बोलतो का?" मेहजबीनने विचारलं.

"नाही. त्याला खोटं बोलता येत नाही. का गं?"

मेहजबीनने नवव्या घंटेची हकिगत सांगितली. मॅडमनी ती पूर्ण ऐकली, मग चष्मा कपाळावर सरकवला.

"रेघ खरी आहे," त्या म्हणाल्या. "पण रेघेचा अर्थ माणसांनी लावलाय. तो चुकू शकतो. ये, आधी तुझीच रेघ बघू."

त्यांनी मेहजबीनच्या बोटांवर टोपणं चढवली. टण्. हिरवी रेघ एकदम उसळली आणि हळूहळू खाली आली. मेहजबीन तर जागची हललीही नव्हती.

"हे मी केलं नाही," ती म्हणाली.

"तुझ्या शरीराने केलं. आपल्या बोटांच्या टोकांना घामाची बारीक बारीक छिद्रं असतात. अचानक काही ऐकलं, दिसलं, भीती वाटली, की मेंदू मज्जातंतूंमार्फत (मेंदूचे निरोप नेणारे धागे) त्या छिद्रांना निरोप धाडतो. थेंबभरही नाही इतका घाम वर येतो. घामात मीठ असतं, आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते. ह्या टोपणांतून आपण तुला कळणारही नाही इतकी किंचित वीज सोडतो. घाम आला की ती जास्त वाहते, आणि रेघ वर जाते. ह्याला त्वचावहन म्हणतात (त्वचेतून वीज किती सहज जाते त्याचं माप)."

टण्. रेघ पुन्हा उसळली, पण कमी. सहाव्या-सातव्या घंटेला तर ती जेमतेम थरथरली.

"आता घंटा मला ऐकू येईनाशी झाली का?"

"तूच सांग."

"येतेय की ऐकू. फक्त आता सवय झाली."

"हेच ते. शरीर सरावतं. म्हणजे रेघ सपाट असूनही माणूस ऐकत असू शकतो, हे तुझ्याच बोटांनी दाखवलं. आता मामूंची रेघ पहिल्या घंटेपासूनच सपाट. स्किझोफ्रेनिया असलेल्या कितीतरी लोकांचं असं होतं. काहींची रेघ हलतच नाही, तर काहींची घंटेला कधी सरावतच नाही, प्रत्येक वेळी उसळते. का, ते अजून पुरतं उमगलेलं नाही."

"मग साहेबांना सांगा ना, नियम चुकीचा आहे."

मॅडमनी मान हलवली. "सांगितलं होतं. ते म्हणाले, एखाद्याचं असं निघालं म्हणून नियम मोडत नाही. आणि त्यांचं अगदीच चूक नाही. एका उदाहरणावर कुणाची बोटं धोक्यात कशी घालायची? रेघ सपाट का राहते, त्याचं पक्कं काही हाती लागायला हवं."

ते हाती लागलं जेवणघरात, आणि तेही ताटं मांडताना.

जेवणघराच्या भिंतीवर वाढदिवसांचा फळा होता. बारा महिन्यांचे बारा चौकोन, आणि प्रत्येकात त्या महिन्यात जन्मलेल्यांची नावं. अम्मी त्यावर बघून शिऱ्याचा बेत ठरवायची. त्या दुपारी मेहजबीन पाण्याचे पेले ठेवत होती. फेब्रुवारीच्या चौकोनाकडे तिची नजर गेली. सुलोचनाताई, राखाडी पट्टी. पास्कलकाका, राखाडी पट्टी. मामू, राखाडी. तिने जानेवारी बघितला, मार्च बघितला. मग ती पेले तसेच ठेवून फळ्यासमोर उभी राहिली आणि बोटांवर मोजू लागली.

जेवणाची घंटा झाली तरी तिचं मोजणं चाललं होतं.

"मॅडम," संध्याकाळी ती धापा टाकत म्हणाली, "राखाडी पट्टीची सव्वीस माणसं आहेत. त्यांतली पंधरा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च ह्या तीन महिन्यांत जन्मली आहेत. हिरव्या पट्टीची अडतीस, त्यांत ह्या महिन्यांतली फक्त सात. म्हणजे महिन्याचा काहीतरी संबंध आहे."

मॅडम खूश झाल्या, पण त्यांनी ते चेहऱ्यावर फारसं येऊ दिलं नाही. "असेल. किंवा निव्वळ योगायोगही असेल. पत्ते पिसल्यावर कधी कधी चारही एक्के एकाच हातात येतात, म्हणून पत्त्यांना काही अक्कल असते असं नाही. आता हे तपासायचं कसं?"

मॅडमनी पिशवीतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला. "चौसष्ट कार्डं कर. प्रत्येकावर एकेकाचा जन्ममहिना लिही. नाव लिहायचं नाही, माणसांच्या खासगी गोष्टी आहेत ह्या. मग कार्डं पिस आणि न बघता सव्वीस वेगळी काढ. आता ह्या सव्विसांवर पट्टीचा रंग वगैरे काही नाही, नुसता योगायोग आहे. त्यांत तुझ्या तीन महिन्यांची किती येतात ते मोज. पुन्हा पिस, पुन्हा मोज. योगायोगाचा हात किती लांब पोचतो, ते तुझं तुलाच दिसेल."

दोन दिवस मेहजबीन कार्डं पिसत होती. पास्कलकाका आकडे लिहून घ्यायला शेजारी बसले. आठ. दहा. नऊ. नऊ. सात. एकदा पाच आले, एकदा तेरा. चाळीस वेळा पिसून झालं. पंधरा एकदाही आले नाहीत.

"टिपण," मॅडमनी हाक मारली, "हेच तू दहा हजार वेळा करशील?"

टिपणला त्यासाठी चार सेकंद लागले. "दहा हजार वेळांपैकी चौदा वेळा पंधरा किंवा त्याहून जास्त कार्डं आली," तो म्हणाला.

"म्हणजे योगायोग असणं अशक्य नाही," मॅडम म्हणाल्या, "पण फार अवघड आहे. टिपण, आता हे बघ, राखाडी आणि हिरव्या गटाच्या वयांत फरक आहे का? काही औषधांनी घाम कमी होतो, ती राखाडी गटाला जास्त दिली जातात का?"

"दोन्ही गटांत वयं आणि औषधं जवळजवळ सारखी आहेत," टिपणने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेहजबीन मॅडमसमोर येऊन बसली, पण कार्डांना तिने हात लावला नाही.

"काय झालं?"

"माझा वाढदिवस नऊ फेब्रुवारीला असतो," ती म्हणाली.

मॅडम तिच्याजवळ सरकल्या. "माझा सव्वीस फेब्रुवारीला. सत्तर थंड्या काढल्यात मी. हे बघ, नीट समजून घे. थंड देशांतल्या लोकांनी शंभराहून जास्त वर्षं नोंदी ठेवल्यात. त्यांत दिसतं की हिवाळ्यात जन्मलेल्यांत हा आजार थोडा जास्त आढळतो. थोडा म्हणजे किती? समज, इतर महिन्यांतल्या दहा हजार मुलांपैकी पंचाण्णव जणांना तो होत असेल, तर हिवाळ्यातल्या दहा हजारांपैकी शंभर जणांना. म्हणजे उरलेल्या नऊ हजार नऊशे मुलांना काही होत नाही. आपल्यासारख्या उष्ण देशांत तर हा फरक इतका स्पष्टही दिसत नाही."

"मग महिना काय करतो?"

"महिना काहीच करत नाही. महिना म्हणजे कॅलेंडरचं पान. पण बाळ जन्मायच्या आधी नऊ महिने पोटात वाढत असतं. फेब्रुवारीत जन्मलेलं बाळ ऑगस्ट ते ऑक्टोबर ह्या दिवसांत कुठे असतं?"

मेहजबीनने बोटं मोजली. "पोटात. अर्ध्या वाटेवर."

"आणि तेव्हा बाहेर काय असतं?"

"पाऊस. डास. घरोघर ताप."

"आणि ऊन कमी. त्याच दिवसांत बाळाच्या मेंदूची जोडणी चाललेली असते. आईला आलेला ताप, कमी मिळालेलं ऊन, कमी पडलेलं अन्न, ह्यांपैकी कशाचा तरी बारीकसा ठसा उमटत असेल. नक्की कशाचा, ते कुणालाच सांगता येत नाही. आणि एका ठशाने आजार होत नाही; त्याला आणखी बरीच कारणं एकत्र यावी लागतात. म्हणून महिन्यावरून कुणाचं भविष्य सांगायला जाऊ नये. ते काम पोपटवाल्याचं. पण खूप माणसं एकत्र पाहिली, की मागे काय घडून गेलं त्याचा माग मात्र लागतो."

मेहजबीन अचानक ताठ बसली.

"मॅडम, महिना जन्माच्या वेळीच ठरून गेला ना?"

"हो."

"आणि मामू घंटेकडे लक्ष देतात की नाही, हे आज ठरतं."

"हो."

"मग आजच्या दुर्लक्षाला जन्माचा महिना कसा ठाऊक असणार? ही माणसं नुसती लक्ष देत नसती, तर ती बाराही महिन्यांत सारखी विखुरलेली असती. त्यांची बोटं आज गप्प बसलेली नाहीत. ती आधीपासूनच गप्प आहेत."

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून वळून म्हणाल्या, "हे यंत्र मी चाळीस वर्षांपूर्वी बनवलं. हा प्रश्न मला सुचायला हवा होता. तुला सुचला."

पण त्यांनी तिला लगेच साहेबांकडे जाऊ दिलं नाही. "एक अडचण आहे. तू आधी फळा पाहिलास आणि मग तीन महिने निवडलेस. आंबा पडल्यावर म्हणायचं, मी ह्याच आंब्यावर नेम धरला होता, असं झालं ते. आता नेम आधी सांगायचा आणि दगड मग मारायचा."

विदर्भातल्या एका केंद्रातही हीच चाचणी चालत असे. तिथे दोनशे दहा माणसं होती. मेहजबीनने कागदावर लिहिलं, 'जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली माणसं शांत बोटांच्या, म्हणजे सपाट रेघेच्या, गटात जास्त निघतील.' खाली तारीख घातली, पास्कलकाकांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि मगच मॅडमनी त्या केंद्राकडे नावं वगळून आकडे मागितले.

आकडे यायला नऊ दिवस लागले. निर्णयाला दोनच दिवस उरले होते. मेहजबीनने पडद्यावर वाचलं. शांत बोटांची माणसं ऐंशी. योगायोग असता तर त्यांत तीन महिन्यांतली साधारण तेवीस निघायला हवी होती. निघाली एकतीस.

"इथल्याइतका मोठा फरक नाही," ती जरा हिरमुसून म्हणाली.

"नसणारच. पहिल्यांदा दिसतं ते बहुधा जरा फुगलेलं असतं. पण फरक आहे, आणि तू सांगितलास त्याच बाजूला आहे. टिपण, किती?"

"हजार वेळा पिसल्यास आठ वेळा असं घडेल," टिपण म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना त्याने पुढे जोडलं, "माझ्या नोंदीतलं 'लक्ष नव्हतं' हे वाक्य तपासून घ्यावं, असं मला वाटतं."

गुरुवारी अकरा वाजता बैठक झाली. व्हनमाने साहेब, दोन डॉक्टर, मॅडम, इलियास मामू, दाराशी टिपण. मेहजबीनला बोलू द्यायचं का ह्यावर थोडी कुजबुज झाली. मग साहेब म्हणाले, "बोल. पण लांबण नको."

तिने कार्डं टेबलावर मांडली. बोटांना टोपणं असती तर रेघ छताला लागली असती. पण सांगताना ती अडखळली नाही. घाम आणि मीठ, पंधरा आणि सात, चाळीस वेळा पिसलेली कार्डं, आधी लिहून ठेवलेला कागद. शेवटी तिने तो प्रश्न विचारला, "साहेब, आजच्या दुर्लक्षाला जन्माचा महिना कसा ठाऊक असेल?"

एका डॉक्टरांनी कार्डं हातात घेतली आणि मोजली.

साहेब तिच्याकडे वळले. "त्या माणसाची बोटं गेली, तेव्हा यंत्राचा पट्टा बंद करायला मीच धावलो होतो, मेहजबीन. मला उशीर झाला. तू म्हणतेस ते मला पटतंय. पण मग यंत्रासमोर कुणाला बसवायचं, हे मी कशावरून ठरवू?"

"लक्ष तपासायचं असेल तर लक्षच तपासा," ती म्हणाली. "साठ घंटा वाजवा. त्यांतल्या सहा किंचित वेगळ्या. वेगळी घंटा ऐकू आली की बटण दाबायचं. बोटांना घाम येवो न येवो."

मामू पुढे झुकले. "साहेब, माझी बोटं गप्प आहेत. मी गप्प नाही. मला बटण द्या."

तिथेच चाचणी झाली. मामूंच्या बोटांवर टोपणं चढवून टिपणने घंटा वाजवल्या. सहाच्या सहा वेगळ्या घंटांना मामूंचं बटण वाजलं, एकदाही चुकून वाजलं नाही. पडद्यावरची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट होती. मग साहेबांनी स्वतः टोपणं चढवली आणि बटण हातात घेतलं. त्यांची रेघ सुरुवातीच्या घंटांना छान उसळली, आणि सहापैकी दोन घंटा त्यांच्या हातून सुटल्या.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. "म्हणजे माझ्या नियमाने मी कार्यशाळेत गेलो असतो आणि इलियासभाई राहिले असते," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. ते हसले तसे सगळेच हसले.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांची बटणाची चाचणी झाली. राखाडी पट्टीच्या सव्विसांपैकी तेवीस जण पास झाले. आणि हिरव्या पट्टीचे दोघे, जे रोज करवतीवर बसत होते, ते नापास झाले. हा निकाल हातात आल्यावर व्हनमाने साहेबांनी जुना नियम स्वतःच्या हाताने खोडला. त्या दोघांना यंत्रापासून दूर, तारा निवडून गुंडाळण्याचं काम दिलं. दीर्घ विश्रांती विभागात पाठवलेल्यांनाही पुन्हा तपासायचं ठरलं, आणि त्यांतले सात जण महिनाभरात परत आले. पट्ट्या गोळा करायला टिपण टोपली घेऊन फिरला. सुलोचनाताईंनी आपली पट्टी टोपलीत टाकली नाही. कात्रीने तिचे बारीक तुकडे केले, ते टाकले.

जुलैत मामू कार्यशाळेत जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन तास नुसत्या कानशी बघितल्या आणि निम्म्या बाद केल्या. कधी आवाज यायचे. मग ते हातातलं काम खाली ठेवायचे, थोडं फिरून यायचे आणि पुन्हा बसायचे. आजार गेला नव्हता. पण शनिवारी अम्मीने डबा पाठवला, तर तो तसाच परत आला. कामाच्या नादात मामू जेवायचं विसरले होते. अम्मी रागावली, आणि मग पदराने डोळे पुसत बराच वेळ हसत राहिली.

शाळा सुरू झाल्यावर भूगोलाच्या तासाला मेहजबीनला एक गोष्ट कळली. पृथ्वीच्या दक्षिण भागात ऋतू उलटे असतात. आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा. ती तडक मॅडमच्या घरी गेली.

"तिकडे जुलैत थंडी असते. मग तिकडच्या शांत बोटांचे वाढदिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतील का?"

"आले तर ऋतूचाच तो ठसा आहे, असं म्हणायला मोठा आधार मिळेल," मॅडम म्हणाल्या. "नाही आले तर आपल्याला नव्याने विचार करावा लागेल. मला ठाऊक नाही. विचार त्यांना."

दोघींनी मिळून हीच घंटेची चाचणी करणाऱ्या चिली देशातल्या एका केंद्राला पत्र लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्याकडे तीनशे बारा माणसं होती. जन्माचे महिने असे आजवर कुणी मोजले नव्हते. आजपासून मोजायला घेतले आहेत, असं त्यांनी कळवलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं की हा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय.

रविवारी मेहजबीन पृथ्वीचा गोल घेऊन मामूंकडे गेली. हात धुऊन मामू बाकावर येऊन बसले. तिने गोल फिरवून चिली दाखवला, लांबच लांब, समुद्राला चिकटलेला.

मामूंनी त्या पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. "इथेही कुणाचे तरी मामू असतील," ते म्हणाले.

"असतील."

"मग म्हणावं, लवकर मोजा."